काठी एक, हात दोघांचे

गेल्या पावसाळ्यात साठी उलटलेल्या एक आजी सुजलेले मनगट दुसऱ्या हाताने सावरत दवाखान्यात आल्या. मागील दारची पायरी उतरताना तोल गेला. हातात काठी होती, तरी पडल्या. एक्स-रे काढला तर मनगटालगतचे हाड मोडलेले. सहा आठवडे प्लॅस्टर!

सोबत आजोबा होते. मी ती काठी मागून घेतली आणि आजींच्या शेजारी टेकवून धरली. मूठ त्यांच्या मनगटाच्या चांगली चार-पाच इंच वर आली. आजोबा म्हणाले, "डॉक्टर, काठी माझी. सकाळी ही देवळात नेते, संध्याकाळी मी पारावर नेतो. घरात एक असताना दुसरी कशाला?"

आजोबा पावणेसहा फूट, आजी जेमतेम पाच फूट. काठी दोघांची होती, पण माप एकाचेच होते.

आपल्या घरांत काठी, उलथणे, झारा, खुरपे अशा कितीतरी वस्तू दोघांत एक असतात. त्यात चूक काहीच नाही. फक्त त्या वस्तूची मूठ दोघांच्याही हाताला जुळवून घेता आली पाहिजे. हे कसे करावे, ते आज पाहू.

काठीची उंची

नेहमीची चप्पल घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. काठीची मूठ मनगटाच्या आतील घडीपाशी आली पाहिजे. काठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. काठी उंच असेल तर खांदा उचलला जातो आणि तिच्यावर भार देता येत नाही. आखूड असेल तर माणूस पुढे झुकतो.

लाकडी काठी कापता येते, वाढवता येत नाही. म्हणून दोघांत एक ठेवायची तर औषधाच्या दुकानात मिळणारी, भोके असलेली अ‍ॅल्युमिनियमची काठी घ्यावी. बटण दाबून ती कमी-जास्त करता येते. आजींच्या भोकाजवळ लाल आणि आजोबांच्या भोकाजवळ हिरवी खूण रंगवून ठेवावी. बटण भोकातून पूर्ण बाहेर आले आहे ना, हे पाहूनच पाऊल टाकावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. खालचे रबरी बूच झिजले की लगेच बदलावे.

मुठीची जाडी

बोटे मिटवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांचे दोर मनगटातून बोटांपर्यंत जातात. दांडा बारीक असला की तो निसटू नये म्हणून आपण नकळत आवळून धरतो. चिमटीत धरलेल्या वस्तूचा जोर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर कित्येक पटींनी पडतो. सांधे दुखणाऱ्या सासूबाईंना पिठले घोटताना रडू येते ते यामुळे. सूनबाईंना त्याच उलथण्याचे काही वाटत नाही, म्हणून तिला सासूबाईंचे दुखणे खोटे वाटते!

मूठ धरून पाहावी. बोटांची टोके तळव्यात रुतली तर मूठ बारीक आहे. अंगठा आणि तर्जनी यांची गाठच पडत नसेल तर ती जाड आहे. दुखऱ्या, पूर्ण न मिटणाऱ्या हाताला जाड मूठ बरी पडते.

१९९० साली अमेरिकेत सॅम फार्बर यांनी जाड, मऊ मुठीची स्वयंपाकाची हत्यारे बाजारात आणली. त्यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता आणि साल काढण्याच्या साध्या हत्याराने हात दुखत असे. पुढे ती हत्यारे निरोगी माणसांनाही आवडली.

आपल्याला महागडे काही नको. मूळ दांडा ज्याला बारीक हवा त्याच्या मापाचा ठेवावा आणि दुसऱ्यासाठी वरून आवरण चढवावे. फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानात तांब्याच्या नळीवर घालायची काळी फोमची नळी मिळते. तिचा चार-पाच इंचांचा तुकडा दांड्यावर घट्ट बसेल असा घ्यावा. सैल वाटल्यास आत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी.

हे लक्षात ठेवा

१. आवरण दुखऱ्या हातानेच चढवता-काढता आले पाहिजे. नाहीतर ते फळीवरच पडून राहते.

२. मूठ हातात फिरता कामा नये. सुरी आणि विळा यांना काढघाल करायचे आवरण नको. ही हत्यारे प्रत्येकाची वेगळी असावीत.

३. फोम, रबर विस्तवाजवळ नेऊ नये. रोज धुऊन वाळवावे.

४. दोघांना एकाच वेळी वस्तू लागत असेल तर काटकसर सोडून दुसरी आणावी.

सकाळी बोटे अर्धा तासाहून अधिक काळ आखडत असतील, बोट मिटून अडकत असेल किंवा रात्री हाताला मुंग्या येत असतील, तर मूठ बदलून भागणार नाही. डॉक्टरांना हात दाखवावा.

आजींचे प्लॅस्टर निघाले. आता काठीवर लाल-हिरव्या खुणा आहेत. पारावरून परतल्यावर आजोबा बटण दाबून ती लाल खुणेवर आणतात आणि मगच कोपऱ्यात ठेवतात. सकाळी निघण्यापूर्वी आजी बटणावर एकदा बोट फिरवून पाहतात.