पाणी घालूनही तहानलेलं

सीवूड्समधल्या आमच्या इमारतीत कुणी फ्लॅट सोडून गेलं की लिफ्टसमोर एखादी कुंडी मागे राहते. शेजारच्या काकू मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हा त्यांचा रबरप्लांट असाच पॅसेजमध्ये उरला. वॉचमनदादा बाटलीतलं उरलंसुरलं पाणी त्याला घालत, झाडलोट करणाऱ्या मावशीही घालत. तरी खालची पानं पिवळी पडून गळत गेली आणि उंच काठीच्या शेंड्याला तेवढी पानं राहिली. बशी कायम भरलेली, त्यामुळे सगळ्यांचं निदान एकच: पाणी जास्त होतंय.

मी कुंडी घरात आणली आणि खोड नखाने किंचित खरवडलं. आत हिरवं दिसलं, म्हणजे जीव होता. सगळीकडे तपकिरी आणि कोरडं निघालं, तर पुढची खटपट करू नये. मग कुंडी आडवी करून, कडेने थापट्या मारून गोळा बाहेर काढला. मातीपेक्षा मुळंच जास्त, तीही कुंडीच्या आकाराची वेटोळी घालून बसलेली, आणि मधला भाग ठणठणीत कोरडा! लाल माती पूर्ण वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरतं. म्हणून बशीवरून पाण्याचा अंदाज बांधू नका. बोटभर खोल माती चाचपा. (बशी रिकामी करायचीच, पण डासांसाठी. डेंग्यूच्या डासाला अशा साठलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो.)

मेघालयात खासी लोक याच झाडाची मुळं वळवून ओढ्यांवर जिवंत पूल घडवतात. अशी मुळं आठ इंची कुंडीत किती वर्षं मावणार?

गोळा बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा. नंतर कडेची वेटोळी बोटांनी सोडवा; काळी, मऊ पडलेली मुळं कापून टाका. नवी कुंडी दोनच इंच मोठी घ्या. मोठ्या कुंडीत जास्तीची माती ओली राहते आणि मुळं सडतात. लाल माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या भागांत घ्यावं, निचऱ्याला थोडी जाड वाळू. वाळू नर्सरीतलीच आणा. खाडी हाकेच्या अंतरावर असली तरी तिकडची माती किंवा वाळू नको, त्यात मीठ असतं. पॅसेजच्या अंधारातलं झाड लगेच पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलंत तर पानं करपतील. आधी खिडकीआडचा उजेड द्या.

बरेच माळी कुंडी बदलणं, छाटणी आणि खत एकाच सकाळी उरकतात. धडधाकट झाडाला ते चालत असेल, उपाशी झाडाला मी तसं करणार नाही. कुंडी बदलल्यावर शेंड्याला नवं पान उलगडेपर्यंत थांबावं. मिश्रणातल्या शेणखताखेरीज वेगळं खतही तोवर नको.

छाटणी मात्र टाळू नका. शेंडा असेपर्यंत तिथून खाली येणारं संप्रेरक बाजूचे डोळे दाबून ठेवतं, आणि झाड नुसतंच उंच होत जातं. हव्या त्या उंचीवर, पेराच्या जरा वर, धारदार सिकेटरने कापा. पांढरा चीक भळाभळा येतो; गार पाण्याचं फडकं दाबून धरलं की थांबतो. हातमोजे घाला, कारण त्याने कातडीला खाज सुटते. मांजर असेल तर तिला दुसऱ्या खोलीत ठेवा.

शेंडा वाया घालवू नये असं वाटत असेल, तर कापण्याआधी गुटी बांधा. पावसाळ्याची सुरुवात त्याला उत्तम. खोडाची इंचभर साल गोल काढायची, भोवती ओलं मॉस गुंडाळून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं. प्लॅस्टिकमधून मुळं दिसू लागली की गुटीच्या खाली कापून तो शेंडा वेगळा लावता येतो. काकूंना मी फोनवर हे सांगितलं, तर त्यांनी कलमाची मागणी नोंदवून ठेवली. मूळ झाड मात्र परत मागितलं नाही.