चड्डीवरचे डाग आणि पोटातला खडा

चड्डीला रोज पातळ डाग. कधी शाळेतून आल्यावर, कधी खेळता खेळता. पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चारदा असं होतंय म्हटल्यावर कुणीही ‘पोट बिघडलंय’ असंच म्हणेल. जवळच्या दवाखान्यातही तेच ठरलं. ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलचं सिरप आणि जोडीला प्रोबायोटिकचे सॅशे. काही दिवस बरं वाटे, मग पुन्हा तेच. पुढच्या खेपेला सिरप बदललं, जंताचं औषध झालं. पुढे पुढे तर मेडिकलवालाच चिठ्ठी न मागता विचारू लागला, “तेच देऊ ना, ताई?” पथ्य म्हणून भाज्या बंद, मऊ भात आणि केळं सुरू. जेवत नाही म्हणून दुधाचा मारा. पोर चिडचिडं झालं, पोट टम्म.

मुलांच्या पोटविकारांच्या डॉक्टरांनी रिपोर्टांची फाइल बाजूला सारली आणि विचारलं, “शी लागली की तो काय करतो?” ते आम्ही रोजच बघत होतो. डायनिंग टेबलाचा पाय धरून, टाचा उचलून, मांड्या आवळून, लालबुंद होत तो कोपऱ्यात उभा राहायचा. आम्हाला वाटायचं, जोर करतोय. प्रत्यक्षात येणारी शी तो सगळं बळ एकवटून आत दाबत होता. डॉक्टरांनी माझी बोटं त्याच्या बेंबीखाली डावीकडे टेकवली. “दाबून बघा.” आत टणक गोळे हाताला लागत होते.

कधीतरी कडक शी होताना दुखतं आणि मूल त्या भीतीने शी धरून ठेवायला लागतं. आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा मोठा होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. गुदाशय ताणून सैल पडला की शी लागल्याची जाणीवच बोथट होते आणि वरची पातळ शी खड्याच्या कडेने झिरपते. तेच हे डाग. मुलाला ते कळतही नाही, म्हणून ‘एवढा मोठा झालास तरी’ हे वाक्य घरातून हद्दपार करा, आजी-आजोबांसकट.

या सगळ्यात अँटिबायोटिकने मारावा असा जंतू कुठेच नव्हता. उलट अँटिबायोटिकनेच शी पातळ होऊ शकते. मग ‘अजून जुलाब आहेत’ म्हणून पुढची बाटली. जिआर्डियासारखा जंतू तपासणीत सापडला तर औषध जरूर द्यावं. पण बाटली हातात घेण्याआधी ‘हे नेमकं कशासाठी?’ एवढं विचारायला संकोच कसला?

प्रोबायोटिकवर माझा राग नाही. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी त्यातल्या काहींचा, उदाहरणार्थ सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टचा, उपयोग दिसलेला आहे. मात्र एका कामाला चालणारं प्रोबायोटिक दुसऱ्या कामाला चालेलच असं नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या बद्धकोष्ठतेसाठी प्रोबायोटिकची शिफारस नाही. घरचं दही खुशाल खाऊ द्या, अन्न म्हणून.

आमच्याकडे कामी आली ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, पाण्यात विरघळवून. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. आधी मोठ्या मात्रेने साठलेला खडा बाहेर काढतात. ते दिवस धीराचे असतात, कारण सुरुवातीला डाग वाढतात आणि घाबरून औषध थांबवावंसं वाटतं. त्यानंतर कमी मात्रा, तीही काही महिने. ‘सवय लागेल हो, त्यापेक्षा एरंडेल दे,’ असं सासूबाई म्हणत राहिल्या. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, अंगात जवळजवळ शोषली जात नाही, तिची सवय लागत नाही. शी मऊ झाली म्हणून आठवड्यात पावडर बंद केली, तर खडा परत धरतो. ताणलेला गुदाशय आकसायला वेळ लागतो.

औषधाइतकंच बसण्याचं महत्त्व. जेवणानंतर आतडं आपसूक हालचाल करतं, तेव्हा पाच-दहा मिनिटं बसवायचं. झाली तर झाली. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. दूध आटोक्यात आणा, त्याने भूक मरते. आणि शाळेचं स्वच्छतागृह एकदा स्वतः पाहून या. घाण वासाला किंवा तुटक्या कडीला भिऊन दिवसभर दाबून ठेवणारी मुलं कमी नाहीत.

वजन घटणं, ताप, हिरवी उलटी, पोट फुगतच जाणं किंवा शीत वारंवार रक्त दिसणं यातलं काही असेल, तर पावडरीच्या भरवशावर थांबू नका. डॉक्टर हेही विचारतील की जन्मानंतरची पहिली काळपट शी ४८ तासांच्या आत झाली होती का. उशीर झाला असेल, तर आतड्यातल्या जन्मजात दोषाची तपासणी करावी लागते. प्रसूतीच्या वेळचे कागद सोबत न्या.