हौशी उपग्रहांच्या वारंवारता : सामायिक आकाशाची शिस्त

धरणाच्या कालव्याला आवर्तन सुटले, की मुखाजवळच्या शेतकऱ्याने किती पाणी उचलले यावर शेपटाकडच्या शेतकऱ्याचे पीक अवलंबून असते. जुन्नर आणि आंबेगाव या धरणांच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाण्याचा तंटा डोळ्यांना दिसतो. रेडिओलहरी मात्र दिसत नाहीत. तरीही त्या मर्यादित आहेत आणि त्यांच्याही पाळ्या ठरवाव्या लागतात. हौशी रेडिओचालक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी घडविलेल्या लहान उपग्रहांना वारंवारता कशी मिळते, आणि ही व्यवस्था कशाच्या बळावर टिकून आहे, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रेडिओलहरीची एका सेकंदात जेवढी आंदोलने होतात, ती तिची वारंवारता. सेकंदाला दहा लाख आंदोलने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर दोन प्रक्षेपक बोलू लागले, तर ऐकणाऱ्याला बहुधा दोघांचेही नीट कळत नाही. जमिनीवर अंतर आणि पृथ्वीची वक्रता आपल्या मदतीला येतात. म्हणून दूरच्या दोन शहरांतील एफएम केंद्रे एकच वारंवारता वापरू शकतात. उपग्रहाला ही सोय नाही. सुमारे 500 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह जुन्नरच्या माथ्यावर आला, तर सभोवार जवळजवळ 2,400 किलोमीटरपर्यंतच्या प्रदेशातून तो क्षितिजावर दिसतो. म्हणजे श्रीलंका, नेपाळ आणि ओमान येथे तो त्याच क्षणी ऐकू येतो. दीड तासाच्या आसपास त्याची एक पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते. त्याच्या वारंवारतेचा प्रश्न कोणत्याही एका देशाचा राहत नाही, आणि तो उड्डाणापूर्वीच सोडवावा लागतो.

अशा प्रश्नांसाठी राष्ट्रांनी फार पूर्वीच एकत्र येण्यास सुरुवात केली होती. तारयंत्राच्या काळात, 1865 साली, पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन झाला. आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ तो हाच. हौशी रेडिओचालकांचा आंतरराष्ट्रीय संघही पॅरिसमध्येच 1925 साली उभा राहिला. 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, तेव्हा त्याचे संकेत जगभरच्या हौशी मंडळींनी घरच्या ग्राहकयंत्रांवर ऐकले. चारच वर्षांनी, 12 डिसेंबर 1961 रोजी, अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांनी स्वतः बांधलेला 'ऑस्कर 1' कक्षेत गेला. मोर्स संकेतात तो 'एच' आणि 'आय' ही दोनच अक्षरे पुन्हा पुन्हा पाठवीत असे. 28 देशांतील श्रोत्यांनी त्याच्या नोंदी कळविल्या. पुढे 1971 च्या जागतिक परिषदेत 'हौशी उपग्रह सेवा' या नावाने या उपक्रमाला आंतरराष्ट्रीय नियमांत स्वतंत्र स्थान मिळाले.

भारताचा या क्षेत्रातील महत्त्वाचा टप्पा म्हणजे 'हॅमसॅट'. 5 मे 2005 रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेल्या पीएसएलव्ही-सी6 ने कार्टोसॅट-1 सोबत हा 42.5 किलोग्रॅमचा उपग्रह कक्षेत नेला. त्यावरील संदेश परत पाठविणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एक भारतीय होती, तर दुसरी नेदरलँड्समधील एका विद्यार्थ्याने तयार केलेली होती. 2014 पर्यंत जगभरच्या हौशी मंडळींनी त्याचा वापर केला. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 ने गेला. वजन अवघे एक किलोग्रॅमच्या आसपास, आणि आकार दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचा. हौशी रेडिओचालकांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणे हा त्याचा एक हेतू होता. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' पीएसएलव्ही-सी35 ने कक्षेत गेला.

अशा उपग्रहांसाठी प्रामुख्याने दोन पट्टे वापरले जातात : 145.8 ते 146 आणि 435 ते 438 मेगाहर्ट्झ. दुसरा पट्टा अवघा तीन मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात आणखी एक अडचण आहे. उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. त्यामुळे तो जवळ येताना त्याची वारंवारता किंचित वर आणि दूर जाताना किंचित खाली ऐकू येते. रेल्वेच्या शिट्टीबाबत आपण हाच अनुभव घेतो. या पट्ट्यात हा फरक दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्झच्या आसपास जातो. प्रत्येकाला तेवढी जास्तीची जागा सोडावी लागते. दुसरीकडे उपग्रहांची संख्या वाढतच आहे. 15 फेब्रुवारी 2017 रोजी एकट्या पीएसएलव्ही-सी37 ने 104 उपग्रह नेले. त्यांतील बहुसंख्य हौशी नव्हते, परंतु गर्दीचा वेग त्यावरून ध्यानी येतो.

समन्वयाची रीत अशी. उपग्रह बांधणाऱ्या गटाने प्रथम आपल्या देशाच्या शासनाशी संपर्क साधावयाचा. भारतात वायरलेस नियोजन व समन्वय विभाग हे काम पाहतो. त्याबरोबर हौशी रेडिओ संघाच्या समन्वय मंडळाकडे लेखी विनंती करावयाची. तीत उपग्रहाचा हेतू, कक्षा, प्रक्षेपणाची शक्ती, संकेताची रुंदी, जबाबदार परवानाधारकाचे नाव आणि अपेक्षित उड्डाणकाळ नोंदवावा लागतो. मंडळातील जाणकार विनामूल्य काम करतात. कोणाशी टक्कर होईल ते तपासून ते योग्य वारंवारता सुचवितात आणि निर्णय सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध करतात. या मंडळाजवळ दंडुका नाही. परवाना शासन देते आणि आंतरराष्ट्रीय नोंदणीही शासनामार्फतच होते. मंडळ केवळ सल्ला देते. तरीही तो सल्ला पाळला जातो, कारण आज आपण दुसऱ्याची जागा राखली नाही, तर उद्या आपली जागा कोणी राखणार नाही.

या सेवेच्या अटी विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली अट, आर्थिक लाभाचा हेतू नसावा. स्वशिक्षण आणि तांत्रिक अभ्यास हेच प्रयोजन असावे. दुसरी, संदेशाचा अर्थ लपविलेला नसावा. उपग्रहाला दिलेल्या नियंत्रण-आज्ञांपुरताच अपवाद. तिसरी अट मला सर्वांत मोलाची वाटते : उपग्रह सोडण्यापूर्वीच, व्यत्यय झाल्यास त्याला तत्काळ गप्प करू शकेल अशी भूकेंद्रांची सोय असली पाहिजे. बोलण्याचा अधिकार मागणाऱ्याने थांबण्याची सिद्धता आधी दाखवावी, असा याचा अर्थ.

थांबण्याचे मोल जुन्नर तालुक्याइतके क्वचितच कोठे कळावे. खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या अत्यंत क्षीण लहरी टिपतात. हायड्रोजनची खूण असलेल्या 1420 मेगाहर्ट्झभोवतीचा 1400 ते 1427 हा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनी सर्व प्रक्षेपणांना बंद ठेवला आहे. बहुतेक इतर पट्ट्यांना असे संरक्षण नाही. सुधारित दुर्बीण 250 ते 500 मेगाहर्ट्झमध्येही ऐकते, आणि हौशी उपग्रहांचा 435 ते 438 हा पट्टा नेमका त्यातच येतो. माथ्यावरून जाणारा एका वॉटचा उपग्रहही त्या कानाला मोठ्या गोंगाटासारखा असतो. कोण, कोठे, किती शक्तीने बोलणार हे आधी जाहीर असेल, तर खगोलशास्त्रज्ञ मोजणीतील तेवढा भाग ओळखून वगळू शकतात. समन्वयाचा लाभ असा त्रयस्थालाही होतो.

ही सामायिक जागा आपोआप टिकत नाही. 2019 साली युरोपात 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानसेवेसाठीही तपासावा, असा प्रस्ताव फ्रान्सकडून आला होता. हौशी संघटनांनी संघटित विरोध केल्यावर तो पुढे गेला नाही. जो पट्टा वापरात दिसत नाही, किंवा ज्यात व्यापारी कामे शिक्षणाच्या नावाखाली शिरतात, त्याचे समर्थन करणे कठीण होते. सामान्य घरातील मुलाला भाडे न भरता अवकाशाशी बोलता येईल, अशी जागा फार थोडी आहे. ती गमावली, तर धनवानांची सोय दुसरीकडे होईल; विद्यार्थ्यांची होणार नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, हौशी रेडिओची परवाना परीक्षा शालेय वयातही देता येते, हे ध्यानात ठेवा. परवानाधारक शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली एखाद्या उपग्रहाच्या माथ्यावरून जाण्याची वेळ काढा, वारंवारता किती सरकते ती वहीत नोंदवा, आणि ती जाहीर केलेल्या आकड्याशी ताडून पाहा. जो नियमाने ऐकावयास शिकतो, त्याच्याच हाती पुढे बोलण्याचा परवाना शोभतो.