एका बिळातले सोयरे

निपाणीकडील ऊस-तंबाखूच्या शिवारातून येणारी मुले आम्हांस वर्गात विचारतात, "सर, एका बिळातले उंदीर आपसांतच सोयरीक करतात काय?"

प्रश्न मार्मिक आहे. बहुतेक उंदीर वयात आले की जन्माचे बीळ सोडून दूर जातात. केनिया, इथिओपिया व सोमालिया येथील केसरहित मोल-रॅट मात्र निराळा. भुयारात ७०-८० जीवांचा गोतावळा, आणि वीण एकट्या राणीची. बाहेर जाणे धोक्याचे, म्हणून बहुधा नात्यातच संतती होते.

परिणाम काय? प्रत्येक जीवात काही दोष सुप्त असतात. आईबाप परके असले तर एकाचा दोष दुसऱ्याच्या निरोगी बीजाने झाकला जातो; जवळचे असले तर तोच दोष दोहोंकडून येऊन प्रकट होण्याचा संभव वाढतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे, पाळलेल्या मोल-रॅटांत विषाणूची साथ आली तेव्हा अधिक जवळच्या नात्यातून जन्मलेलेच जास्त दगावले. या जातीतही काही धष्टपुष्ट जीव घर सोडून परका जोडीदार शोधतात, असे १९९६ साली आढळले.

आपल्या सीमाभागात मामे-आतेभावंडांची लग्ने अनेक समाजांत होतात, आपल्यातही होतात. त्यांची बहुतेक मुले निरोगीच असतात, हे खरे. परंतु घराण्यात जन्मतः बहिरेपणा किंवा थॅलेसेमिया असेल, तर लग्नाची तारीख धरण्याआधी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. मागाहून सुनेला बोल लावण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.