पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

सोलापूर,
४ जानेवारी

चि. छोटीस,


परवा तुमच्याकडे आलो तेव्हा तुझी भूमितीची वही चाळली. प्रमेयं गुलाबी, व्याख्या पिवळ्या, महत्त्वाचं ते हिरवं. आणि बिनमहत्त्वाचं असं काही शिल्लकच नाही! तिथल्या तिथे बोलणार होतो, पण तुझी आई ‘दादा, रात्री बारापर्यंत वाचते हो पोर’ म्हणत मध्ये पडली. त्यात मागच्या बाजूच्या मागांचा खडखडाट. म्हणून हे पत्र.

बारापर्यंत वाचतेस हे मला मान्य आहे. माझी तक्रार त्या वाचण्याबद्दलच आहे. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय विचारलं तर म्हणालीस, ‘येतं मामा, चारदा वाचलंय.’ कागद पुढे केला. आकृती सुबक, पक्ष-साध्य बिनचूक, आणि सिद्धतेच्या पहिल्याच ओळीला पेन थांबलं. समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात असतात, हे वाक्य तुझ्या वहीत हिरव्या रंगात आहे. हातात मात्र आलं नाही.

यात तुझं डोकं कमी असं काही नाही. वाचताना ओळ ओळखीची वाटते आणि ओळख म्हणजे येणं, असा आपला समज होतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचीच परीक्षा घेतली. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहिणारे पुढे गेले. तुझा दहावीचा पेपर पाच मिनिटांनी नाही, कित्येक आठवड्यांनी आहे.

तेव्हा असं कर. प्रकरण एकदा नीट वाच, पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर लिही. अडलीस तर लगेच उघडू नकोस. दोन मिनिटं चडफड. मग उघडून अडलेल्या जागेवर खूण कर. दुसऱ्या दिवशी आधी तेवढीच जागा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. याला रात्रीचे बारा लागत नाहीत. नळाला पाणी सुटतं त्या पहाटे बॅरल भरेपर्यंत पायथागोरसची सिद्धता मोठ्याने म्हणता येते. आई हसेल, हसू दे.

‘अपेक्षित’ प्रश्नसंच आणलास ते ठीक, पण त्यातली उत्तरं वाचत बसलीस तर पैसे वाया. घड्याळ लावून सोडव. भूमितीला ४० गुण आणि दोन तास, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. तीन गुणांच्या शेवटच्या प्रश्नात वीस मिनिटं घालवून सोपी कृती कोरी सोडणारी मुलं मी पेपर तपासताना दरवर्षी पाहिली. उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात. कोऱ्या जागेला काय देणार? २०२३ पासून जादा दहा मिनिटं पेपरच्या शेवटी मिळतात, ती चिन्हं आणि एककं तपासायला ठेव. नवं गणित तेव्हा सुरू करू नकोस.

राहिली गड्ड्याची जत्रा. आईने यंदा बंदी घातली म्हणे. मला ती पटत नाही. सिद्धरामेश्वरांच्या अक्षतांना जा, सातही नंदीध्वज डोळे भरून बघ. होम मैदानावरचे पाळणे एका संध्याकाळीच. रोज संध्याकाळी ‘जरा चक्कर’ मारायला गेलीस तर पूर्वपरीक्षेत चक्कर येईल. आईशी मी बोलतो.

आणि झोप. साडेदहाला दिवा बंद. माझ्या स्वतःच्या दहावीत बीजगणिताच्या आदल्या रात्री तीनपर्यंत जागलो होतो. सकाळी पहिल्याच समीकरणात वजाचं अधिक केलं आणि पुढची सगळी गाडी रुळावरून उतरली. पुढे तेच गणित आयुष्यभर शिकवलं, तरी ती चूक अजून आठवते.

रविवारी चारला इकडे ये. कोरे कागद आणि कंपासपेटी आण, वही घरीच ठेव. वर्तुळापासून सुरुवात करू.

तुझा,
मामा