आधी शोधा, मग फोडा

ओल दिसते ती जागा आणि पाणी गळतं ती जागा क्वचितच एक असते. हे आमच्या सोसायटीला एका अख्ख्या मोरीच्या खर्चात कळलं.

शहाड स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावर, नव्वदीच्या सुमारास उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतीत मी राहतो आणि सोसायटीच्या कमिटीत आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या मोरीच्या छताला ओल आली. आधी रंग फुगला, मग गिलाव्याचे पोपडे पडू लागले, मग सळईचा गंज दिसायला लागला. काकूंचं म्हणणं, वरच्यांची मोरी गळते. वरच्यांचं म्हणणं, आम्ही बादलीने आंघोळ करतो, गळायला पाणी आहे कुठे? एक कंत्राटदार बोलावला. त्याने छताला हात लावला, मान हलवली आणि सांगितलं, खालपर्यंत फोडावं लागेल; नवा ब्रिकबॅट कोबा, नवा नहाणी ट्रॅप, वर वॉटरप्रूफिंग, दहा वर्षांची गॅरंटी. वरच्या बिऱ्हाडाने नाइलाजाने पैसे काढले. फरशा निघाल्या, नव्या बसल्या, दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. ओल मात्र होती तिथेच. गॅरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात ‘बाहेरील कारणांमुळे होणारी गळती वगळून’ असं छापलेलं होतं.

उलगडा गणपतीत झाला. वरचं बिऱ्हाड आठवडाभर कोकणात गेलं. त्यांच्या मोरीत थेंब पडला नाही, तरी काकूंच्या छताची ओल तसूभर हलली नाही. तेव्हा कुणीतरी मोहन्याच्या एका जुन्या प्लंबरचं नाव सुचवलं. त्यांनी पिशवीतून हातोडा काढलाच नाही. काकूंना विचारलं, ‘ताई, ओल कधी वाढते? सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर, की रात्रीपण?’ मग मागच्या डक्टमध्ये बॅटरी मारून वर बघत राहिले. तिसऱ्या मजल्याच्या खाली बिडाच्या पाइपाच्या सांध्यातून पिंपळ उगवला होता. मूळ सांध्यात शिरलेलं, कॉलरला तडा. वरच्या सगळ्या घरांचं सांडपाणी तिथून भिंतीत मुरत होतं आणि भिंतीतून उतरून स्लॅबच्या कडेने काकूंच्या छतात शिरत होतं. पिंपळ आम्ही दर पावसाळ्यानंतर छाटत होतो. छाटल्याने तो मरत नाही, उलट मूळ जाड होतं. पाइपाचा तो तुकडाच बदलावा लागला.

त्या गृहस्थांचा प्रश्न मी आता भेटेल त्याला सांगतो, कारण निम्मं निदान त्यातच आहे. ओल रात्रंदिवस सारखीच असेल तर आधी वापराच्या पाण्याच्या लाइनवर संशय घ्यावा. टाकीपासून येणाऱ्या पाइपात पाण्याचा दाब कायम असतो. रात्री सगळे नळ बंद करून टाकीच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी पाहा. वापरानंतर ओल वाढत असेल तर सांडपाणी. फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकीची कड. सांडपाण्याचा संशय असेल तर एकेका संडासाच्या भांड्यात, एकेका नहाणीत वेगवेगळा रंग ओता आणि खाली कोणता उतरतो ते बघा. फरशीवरच संशय असेल तर नहाणीला बोळा घालून दोन इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवा. हे सगळं शंभर-दोनशे रुपयांत होतं. ते करण्याआधी जो फोडायची भाषा करतो त्याला चहा पाजून परत पाठवावं.

आता पैशांचं. भांडणं गळतीपेक्षा इथेच जास्त होतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे: बाहेरच्या सामाईक पाइपामुळे, ड्रेनेज लाइनमुळे किंवा पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या सभासदाने. म्हणजे आमच्या डक्टमधला पाइप पहिल्या दिवसापासून सोसायटीच्या खात्यावरचा होता आणि भुर्दंड पडला वरच्या बिऱ्हाडाला. सर्वसाधारण सभेत बरीच आरडाओरड होऊन त्यांना काही रक्कम परत मिळाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी त्या ठरावाला विरोध नोंदवला तो अजून मागे घेतलेला नाही. दुरुस्ती निधी घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के जमा करायचा असतो. बऱ्याच सोसायट्या हे निधी वाढवायला घाबरतात आणि मग एकदम मोठी वर्गणी काढतात. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. ते करणाऱ्याला मागच्या डक्टमध्ये न्यायला विसरू नका. समोरून रंगवलेली इमारत पाठीमागून सडते.

नवा पाइप घेताना त्यावरचं छापील वाचा. सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपांसाठी आयएस १३५९२ हे मानक आहे. त्यात टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी असतो, टाइप बी मैल्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनसाठी. दोन्ही दिसायला सारखे, पण ए पातळ आणि स्वस्त, म्हणून कंत्राटात ‘चार इंची पाइप’ एवढंच लिहिलं की तोच येऊन पडतो. उतारही मोजून घ्या. चार इंची आडव्या लाइनला साधारण चाळीसास एक, म्हणजे दहा फुटांत तीन इंच. सहा इंचीला साठास एक. गवंडी नजरेने उतार देतो, तुम्ही लेव्हलची नळी धरा.

चोकअप झालं की बाटलीतलं ॲसिड ओतणं हा आपल्याकडचा पहिला उपाय. ॲसिड सिमेंटचे सांधे खातं, बिडाचा पाइप खातं आणि जिथे तेल-तूप गोठलंय तिथे फारसं काही करत नाही. दिवाळीच्या फराळानंतर सिंक तुंबतात ती तळणीच्या तेलाने. गार झालेलं तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकलं की पुरतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका मोरीत कधीही ओतू नका; त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद दाराआड तो जीव घेऊ शकतो. बांबूच्या पट्ट्या, स्प्रिंग, नाहीतर महापालिकेची किंवा खासगी जेटिंगची गाडी, हे मार्ग बरे. आणि वास येतो म्हणून लगेच नळदुरुस्तीवाल्याला फोन करू नका. बंद खोलीतली नहाणी सुकली की ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वास सरळ वर येतो. तांब्याभर पाणी ओतून बघा.

शहाडला एक वेगळी भानगड आहे. गावाचा काही भाग कल्याण-डोंबिवली महापालिकेत, काही उल्हासनगरच्या. गटार तुंबलं की आधी हद्द कोणाची यावर दोन दिवस जातात, म्हणून तक्रार करण्यापूर्वी आपला शेवटचा चेंबर कोणत्या गटाराला जोडलाय आणि ते गटार कोण साफ करतं, हे कोरड्या दिवसांत शोधून ठेवा. शिवाय रस्ते काँक्रीटचे होताना दरवेळी वर चढतात आणि जुन्या इमारती खाली राहतात. आमच्या फाटकातून आत येताना आता उतार लागतो. उल्हास नदी फुगली की नाल्यांचं तोंड बुडतं आणि पाणी उलटं फिरतं. २६ जुलै २००५ च्या महापुरात तळमजल्याच्या संडासातून घाण पाणी वर आलेली घरं या पट्ट्यात कमी नव्हती. २०१९ च्या जुलैतही नदीने तीच आठवण दिली. शेवटच्या चेंबरला एकदिशा झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवता येते. विकणारा एक गोष्ट सांगत नाही: झडप मिटली की तुमचंही पाणी बाहेर जात नाही, तेव्हा मुसळधार पावसात वरच्या मजल्यांनीही वापर थांबवायचा असतो. आणि मे महिन्यात ती साफ केली नाही, तर कचरा अडकून अर्धी उघडीच राहते.

चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवू नका. ‘पाच मिनिटांचं काम आहे, उतरतो साहेब’ असं तो स्वतः म्हणाला तरीही. १ नोव्हेंबर २०१८ ला कल्याण पूर्वेत नेतिवलीला एका विहिरीतल्या विषारी वायूने पाच जण गेले. एक जण साफ करायला उतरला होता, बाकीचे पाठोपाठ त्याला काढायला गेले आणि त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. त्या वायूचा वास काही क्षणांनी नाकाला कळेनासा होतो, म्हणूनच मागून जाणारा फसतो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असं काम करून घेणं गुन्हा आहे, सोसायटीसाठीसुद्धा. गटारात मृत्यू झाल्यास दहा लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवली होती, ती २०२३ मध्ये तीस लाख केली. पण हा हिशेब भरपाईच्या रकमेवर करू नये. सक्शनची गाडी मागवा, महाग पडली तरी.

उरलं पिण्याचं पाणी. ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पाणी पुरवणाऱ्या ‘स्टेम’च्या नावातला पहिला ‘एस’ शहाड-टेमघरमधल्या शहाडचा. आणि तरी आमच्या जुन्या इमारतींच्या नळजोडण्या अजून गटारातून आत येतात. पाणी ठरावीक वेळीच सुटतं. बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो, आणि गंजलेल्या जीआय पाइपाला भोक असेल तर गटारातलं पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट मोटर लावणारे तर ते जोरात ओढून घेतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी भागात जीबीएसची (गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता. जोडणी गटाराबाहेरून फिरवून घ्या, जमिनीखालच्या टाकीचं झाकण चेंबरच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, आणि ओटी टेस्टची बाटली घरात असू द्या: पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला नाही तर त्यात क्लोरीन उरलेलं नाही. मानकाप्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं.

आमच्या बिल्डरने ड्रेनेजचा नकाशा कधीच दिला नाही. बहुतेक जुन्या सोसायट्यांची तीच कथा. म्हणून आता कुठेही फोडलं की बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढायचा, भिंतीपासूनचं अंतर लिहायचं आणि ती प्रत सचिवाच्या फायलीत लावायची, असा ठराव केलाय. काम करणाऱ्याचं शेवटचं बिल त्या फोटोंशिवाय मंजूर होत नाही.