गांजा-भांग शरीरात काय करते? – पाचव्या शीलाचा एक अभ्यास



आमच्या वस्तीतील एका कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा माझाच विद्यार्थी. शिवरात्रीच्या जत्रेत मित्रांनी त्याला भांगेची गोळी दिली. तास झाला तरी काही जाणवेना, म्हणून त्याने दुसरी खाल्ली. रात्री दहाच्या सुमारास तो घरी आला तो थरथरतच. छाती धडधडत होती, तोंड कोरडे पडले होते. भिंती जवळ येत आहेत, आपण आता मरणार, असे तो ओरडू लागला. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाहेरचं लागलं, भगताला आणा." ज्या घराने देव्हारा उतरवला होता त्याच घरात अर्ध्या तासात लिंबू आणि अंगारा आला.

मला कळले तेव्हा मध्यरात्र झाली होती. मुलाला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "काय खाल्ले?" बाप पोलिसांच्या भीतीने गप्प. शेवटी मुलानेच सांगितले. त्याला शांत खोलीत ठेवले, सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो भानावर आला.

आठ दिवसांनी मी त्याला विचारले, "पंचशील रोज म्हणतोस ना?" तो म्हणाला, "सर, तुम्ही पाचव्या शीलात दारू सांगितली होती. भांग दारू थोडीच आहे?"

चूक त्याची होती, तशी माझीही होती. मी शील पाठ करून घेतले, पण समजावून दिले नाही. म्हणून हा पाठ.

वनस्पती एक, पदार्थ तीन

भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडे नव्हेत. झाड एकच. त्याची पाने वाटून होते ती भांग. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवले की तो गांजा. आणि त्या शेंड्यांवरील चिकट राळ हातावर चोळून काढली की ती चरस. मादी फुलांवर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक केस असतात. त्यांच्या टोकाशी ही राळ तयार होते. नशेचे द्रव्य मुख्यतः तेथेच असते. म्हणून भांगेपेक्षा गांजा आणि गांज्यापेक्षा चरस सामान्यतः कडक.

हळदीवरून समजून घेऊ

आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. हळदीला रंग आणतो तो कुरकुमीन नावाचा पदार्थ. हळकुंडात त्याचा वाटा थोडा, पण काम त्याचेच. तो पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो, हे आपल्या आयाबहिणींना फोडणी देताना रोज दिसते.

गांज्याचेही तसेच. या झाडात शंभराहून अधिक जातीची खास द्रव्ये सापडली आहेत, पण नशा आणणारे प्रमुख द्रव्य एकच. त्याचे नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, संक्षेपाने टीएचसी. ते शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना १९६४ साली इस्रायलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या शास्त्रज्ञांनी मांडली. दुसरे महत्त्वाचे द्रव्य कॅनाबिडिओल, म्हणजे सीबीडी. त्याने टीएचसीसारखी नशा येत नाही.

हिरव्या पानात टीएचसी तयार स्वरूपात फारसे नसते, आम्लाच्या रूपात असते. उष्णता लागली की ते नशेचे रूप घेते. चिलमीत जाळल्याने जे होते, तेच भांग उकळल्या-भाजल्याने होते. आणि टीएचसी चरबीत विरघळणारे, म्हणून भांग दुधा-तुपात घोटण्याची रीत पडली. त्यात देवाचा प्रसाद काही नाही, रसायनाचा गुण आहे.

शरीरात कुलूप आधीपासून आहे

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. तो निरोप घेण्यासाठी पेशीवर जणू कुलपे असतात आणि ठराविक किल्लीनेच ती उघडतात. टीएचसी ज्या कुलपात बसते ते शास्त्रज्ञांना १९८८ साली सापडले. मग प्रश्न आला, की गांज्यासाठी शरीराने कुलूप कशाला करावे? उत्तर १९९२ मध्ये मिळाले. आपले शरीर स्वतःच तशी एक किल्ली घडवते. भूक, झोप, वेदना, स्मरण यांचा तोल राखण्यासाठी ती थोडी थोडी लागते आणि काम होताच नाहीशी होते. शोधकांनी तिला आपल्या 'आनंद' या शब्दावरून आनंदमाइड असे नाव दिले.

टीएचसी ही बाहेरून घातलेली किल्ली. ती लवकर निघत नाही, आणि सगळी कुलपे एकदम उघडते. स्मरणाच्या भागात ती बसली की आत्ता ऐकलेले आत्ताच विसरते. तोल सांभाळणाऱ्या भागात बसली की पाय अडखळतात. वेळेचे भान सुटते, भूक खवळते, डोळे लाल होतात, नाडी वेगाने चालते. कोणाला हसू येते, कोणाला भीती घेरते. श्वास चालवणाऱ्या भागात मात्र ही कुलपे फार कमी आहेत. म्हणून अफूच्या जातीच्या नशेत श्वास थांबून माणूस मरतो, तसे केवळ गांज्याने सहसा होत नाही. जे खरे आहे ते सांगितलेच पाहिजे. पण म्हणून गांजा निरुपद्रवी ठरत नाही. भान गेलेला माणूस गाडी चालवतो, विहिरीच्या काठाशी जातो, हृदयविकार असेल तर जीवही धोक्यात येतो.

ओढणे आणि खाणे यात फरक

धूर फुफ्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोहोचतो आणि दोन-तीन तासांत अंमल उतरू लागतो. खाल्लेली भांग आधी पोटात जाते, तेथून यकृतात. यकृत तिचे आणखी जोरकस द्रव्य बनवते. अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, आणि तो सहा-आठ तास किंवा त्याहूनही अधिक टिकतो.

आता त्या मुलाची रात्र आठवा. पहिली गोळी चढायच्या आत त्याने दुसरी खाल्ली, आणि दोन्ही एकदम चढल्या. बाधा कसलीच नव्हती. यकृत आपले काम करीत होते.

टीएचसी चरबीत साठते. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा सोडल्यानंतरही काही आठवडे सापडतात.

नुकसान कोणाचे, किती?

१८९३ साली इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. वेड्यांच्या इस्पितळांत अनेकांच्या नावापुढे 'कारण : गांजा' असे नीट चौकशी न करताच लिहिले होते, हे आयोगाने उघड केले. माफक सेवनाने विशेष हानी नाही, अतिरेकाने आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. गांज्याचे समर्थक आजही हा अहवाल पुढे करतात.

पण त्या आयोगाला मेंदूतील कुलूप ठाऊक नव्हते. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालते, हेही ठाऊक नव्हते. आज परदेशात निवडून वाढवलेल्या काही वाणांत टीएचसीचे प्रमाण शेकडा वीसच्या वर गेले आहे. कोवळ्या वयात नियमित सेवन केल्यास लक्ष आणि स्मरण यांना धक्का बसतो. घराण्यात वेडाचा आजार असेल तर तो उफाळण्याचा धोका वाढतो. सेवन करणाऱ्या सर्वांनाच व्यसन लागते असे नाही, पण लवकर सुरुवात करणाऱ्यांना ते लागण्याची शक्यता जास्त. मग सोडताना चिडचिड होते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. वर्षानुवर्षे सेवन करणाऱ्या काहींना उलट्यांचा आजार जडतो. गरोदर बाईने घेतल्यास बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका असतो, आणि हे द्रव्य अंगावरच्या दुधातूनही बाळाला जाते. चिलमीत तंबाखू मिसळली की तिचे विष वेगळेच.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत वर्षभरात गांजा-भांग-चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख लोक आढळले. तेव्हा हा प्रश्न जत्रेपुरता नाही.

"पण ते औषध आहे ना?"

काही अंशी आहे. कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ च्या सुमारास धनुर्वात आणि बालकांच्या झटक्यांवर त्याचे प्रयोग केले. २०१८ मध्ये अमेरिकेने लहान मुलांच्या दोन कठीण अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीचे औषध मंजूर केले. कर्करोगाच्या उपचारात मळमळ थांबवण्यासाठी टीएचसीच्या गोळ्याही वापरतात. पण औषध म्हणजे मोजलेली मात्रा, ठरलेला आजार आणि जबाबदार वैद्य. यातले चिलमीत काय आहे?

कायदा

१४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा लागू आहे. गांजा आणि चरस त्यात येतात. नुसती पाने त्या व्याख्येत नाहीत, पण महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत. गांजाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कापूस-तुरीच्या आड लावलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून कोणी म्हणाले, "तुझ्या वावरात चार झाडं राहू दे, पैसे देतो," तर साफ नकार द्या. माल दुसऱ्याचा असतो, तुरुंग गरिबाच्या वाट्याला येतो.

याच कायद्यात एक आधारही आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचारासाठी गेला आणि उपचार पुरा केला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे त्या रात्री त्या बापाला ठाऊक असते, तर तो गप्प बसला नसता.

शील काय सांगते?

पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मद्य यांची नावे आहेत. गांज्याचे नाव नाही, हे खरे. पण त्याच शीलात कारणही दिले आहे, आणि ते म्हणजे प्रमाद. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, भान सुटणे. जे जे भान सोडवते ते ते प्रमादाचे स्थान. मग ते बाटलीत असो, चिलमीत असो की प्रसादाच्या वाटीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिचे अक्षर धरून अर्थ सोडणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

आणि शील हे भीतीने पाळायचे नाही. ज्या मनाने आपण शिकणार, विचार करणार, अन्याय ओळखणार, ते मन जागे राहावे म्हणून पाळायचे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला विचार करू दिला नाही. आता मिळालेली संधी धुरात का घालवायची?

घरात काय करावे?

कोणी भांग किंवा गांजा घेऊन घाबरला, तर त्याला शांत, उजेडाच्या खोलीत बसवा, एकटे सोडू नका, गाडी चालवू देऊ नका. छातीत दुखले, शुद्ध हरपली, उलट्या थांबेनात किंवा लहान मुलाने खाल्ले असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना खरे सांगा. भगताकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही. व्यसन लागले असेल तर मारझोड करू नका. राष्ट्रीय व्यसनमुक्ती सेवेचा क्रमांक १४४४६, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्ही विनामूल्य आहेत.

तो मुलगा आता आमच्या रविवारच्या वर्गात लहान मुलांना पंचशील शिकवतो. पाचव्या शीलापाशी आला की थांबतो आणि आपली रात्र सांगतो. माझ्या पाठापेक्षा मुले त्याचे अधिक ऐकतात.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. भांग खाल्ल्यावर अंमल उशिरा का चढतो? त्यात धोका कोणता?
२. 'प्रमाद' म्हणजे काय? आपल्या घरात प्रमादाची आणखी कोणती स्थाने आहेत?
३. त्या रात्री आपण त्या बापाच्या जागी असतो, तर काय केले असते?

जय भीम.